खासी टेकड्यांतली उभी गुहा : नकाशा झाला, आता नाव काय द्यायचं आणि ठिकाण सांगायचं का?

घळवेडा

मंडळी, फेब्रुवारीत अकरा दिवस मेघालयातल्या पूर्व खासी हिल्समध्ये होतो. सोहरा (शाळेच्या भूगोलातलं चेरापुंजी) ओलांडून दक्षिणेला गेलं की डोंगर एकदम बांगलादेशातल्या सिल्हेटच्या मैदानाकडे कोसळतो. त्या उतारावरच्या एका गावात सुपारीच्या बागेमागे जमिनीत एक भोक आहे. तोंड साधारण एसटीच्या टपाएवढं, कडेने नेचे आणि शेवाळ, मध्ये काळोख. गावातली पोरं पिढ्यान्‌पिढ्या त्यात दगड टाकून आवाज ऐकत आलीत. खाली कुणी गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आम्ही सहाजण. चार आपल्याकडचे, दोघं शिलाँगचे मुरलेले गुहावाले. त्या दोघांशिवाय मी त्या कडेच्या दहा फूट जवळसुद्धा गेलो नसतो, हे आधीच कबूल. तोंडापासून तळापर्यंत उभी ५८ मीटर. तळाशी मोठमोठ्या दरडींचा उतार, तो संपला की ओढ्याचा आडवा बोगदा. बोगद्यात प्रवाहाविरुद्ध ३४० मीटर मोजत गेलो. पुढे छत पाण्याला टेकलं, तिथून परत फिरलो.

नकाशा आता कागदावर आलाय आणि दोन ठिकाणी अडलंय. गावातल्या एका म्हातारबाबांनी भोकाचं एक नाव सांगितलं, बागेच्या मालकीणबाईंनी दुसरंच. कुठलं लिहू? आणि अहवालात अक्षांश-रेखांश छापू की नको? माझं मत छापू नये असं आहे. छापले की पुढच्या हिवाळ्यात 'मेघालय व्हर्टिकल केव्ह रॅपलिंग, चहा-नाश्त्यासह' अशी जाहिरात आलीच समजा. गावाचं नाव इथेही मुद्दाम देत नाहीये. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारू नका, सांगणार नाही.

टंकाळा

वाचतोय. फोटो कुठायत? फोटो नाही तर गुहा नाही.

घळवेडा

पस्तीस काढले. एकतीसमध्ये माझ्याच श्वासाची वाफ फ्लॅशने उजळलीय, तीन माझ्या बुटाचे. उरलेल्या एकात दोराला लटकलेला एक लाल ठिपका दिसतो. तो मी आहे असं आईला सांगितलंय.

सह्याद्री_एक्सप्रेस

जबरी! आमचा ग्रुप दर पावसाळ्यात धबधबा रॅपलिंग करतो, अडीचशे फुटांपर्यंत. ५८ मीटर म्हणजे १९० फूट. पुढच्या वर्षी आम्ही दहाजण येऊ शकतो का? डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन), हार्नेस, हेल्मेट सगळं स्वतःचं आहे.

दोरखंड

सह्याद्री_एक्सप्रेस, राग मानू नका, पण धबधब्यावरून खाली उतरलात की खाली वाट असते, गाडी असते, कांदाभजी असतात. गुहेत खाली उतरलात की खाली गुहा असते. परत यायचं ते त्याच दोराने, वर.

वर येणं म्हणजे काय ते सांगतो. छातीवर एक पकड, हातात एक पकड, हातातल्या पकडीला पायाचा फास. बसायचं, पाय दुमडायचे, हातातली पकड वर सरकवायची, फासावर उभं राहायचं. एका खेपेला फार तर फूटभर. ५८ मीटरला दोनशेच्या आसपास बैठका झाल्या. त्याही भिजलेल्या कपड्यांत, चिखलाने बरबटलेल्या दोरावर, आणि खाली आठ तास रांगून झाल्यावर. मध्ये कातळाला दोर घासू नये म्हणून वाटेत पुन्हा बोल्ट मारून दोर बांधलेला असतो, त्याला रिबिले म्हणतात. तिथे अधांतरी लटकून एकेक पकड एका दोरावरून दुसऱ्यावर न्यायची. ज्याला हे अंधारात, हेडलॅम्प बंद करून जमत नाही त्याने जाऊ नये.

'दमलो तर जरा लटकून विश्रांती घेऊ' हा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, आधी शुद्ध जाते, आणि माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. दमलात तर पाय हलवत राहा. बेशुद्ध झालेल्याला वर ओढायचं की खाली सोडायचं याचा सराव दहापैकी किती जणांनी केलाय तुमच्या ग्रुपात?

सह्याद्री_एक्सप्रेस

राग नाही हो. जुमारिंग (पकडी लावून दोर चढणं) येतं आम्हाला, पण रिबिले कधी केला नाही, आणि बेशुद्धाला सोडवण्याचा सराव शून्य. कुठे शिकायचं?

दोरखंड

आंब्याच्या झाडावर. गंमत नाही करत. दहा मीटर उंचीवरची जाड फांदी, मध्ये दोन ठिकाणी दोर बांधायचा, रोज संध्याकाळी चार फेऱ्या. चढता चढता मध्येच उतरायला लागायचं, उतरता उतरता मध्येच चढायला. शेजाऱ्यांनी पोलिस बोलावले की शिक्षण पूर्ण झालं.

भौतिक_मास्तर

पोरं दगड टाकतात म्हणालात. तुम्हीही टाकला असणारच. किती सेकंद?

घळवेडा

टाकला, मास्तर. ३.४ सेकंद. आमच्यातल्या एकाने लगेच हिशेब केला : ४.९ गुणिले ३.४ चा वर्ग, म्हणजे ५६ मीटर आणि काही.

भौतिक_मास्तर

चूक. आवाज वर यायला लागणारा वेळ कोण वजा करणार? ५२ मीटर खोलीला दगड पडायला ३.२५ सेकंद, आवाज वर यायला ०.१५, बेरीज ३.४. म्हणजे तुमची गुहा ५२ मीटर असायला हवी. मग ५८ कुठून आली?

घळवेडा

तीच तर खरी गोष्ट, आणि ती मी लपवत होतो. ५२ मीटरवर एक पायरी आहे. दगड तिच्यावर पडला. तळ आणखी सहा मीटर खाली.

आमच्याकडे ६० मीटरचा नवाकोरा दोर होता. ५६ साठी ६० म्हणजे रग्गड, असं सगळ्यांचं एकमत. पण कडेपासून चार मीटर मागे एका जाड बुंध्याला दोर बांधला, तिथे चार गेले. दोन रिबिलेच्या झोळात मिळून दोन गेले. मी पायरीवर उतरलो, कडेवरून वाकून खाली उजेड टाकला आणि बघतो तर दोराचं टोक जमिनीपासून माणसाच्या दोन उंच्या वर लोंबतंय. टोकाला गाठ होती. उतरायच्या आधी शिलाँगच्या दादांनी ती स्वतः मारली होती, आणि मी मनात म्हटलं होतं, 'इथे कशाला, दोर तर पुरून उरतोय'.

दोनेक मीटर खाली गेलो असतो तर त्या गाठीने थांबवलं असतं. गाठ नसती तर डिसेंडरमधून टोक सुळ्ळकन निघून गेलं असतं. तसाच रिबिलेपर्यंत वर आलो, दुसरा दोर जोडला, त्या दिवसाचं काम तिथेच संपलं.

घोरपड

गाठ होती म्हणून धागा निघाला. नसती तर धागाच सुटला असता.

दोरखंड

नवा स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर पहिल्यांदा भिजला की काही टक्के आटतो. वापरायच्या आधी रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, मग पुन्हा मोजायचा. ६० मीटरचा तुमचा आता बहुधा ५८ झाला असेल. आणि दगड टाकणं बंद करा. खाली वटवाघळं असतात, आणि एखादे दिवशी माणूसही असतो.

घळवेडा

मोजला. ५८ मीटर २० सेंटिमीटर. दंडवत.

शिलाँगकर

नावाच्या प्रश्नावर बोलते. माझे मिस्टर हवाई दलात, आम्ही अप्पर शिलाँगला तीन वर्षं काढली. खासी मोडकीतोडकी येते, पण पोट भरण्याइतकी येते.

खासीत गुहेला 'क्रेम' म्हणतात, म्हणून तिकडच्या सगळ्या गुहांची नावं क्रेम अमुक, क्रेम तमुक. 'उम' म्हणजे पाणी, 'माव' म्हणजे दगड. ही दोन-तीन अक्षरं कळली की अर्धा नकाशा वाचता येतो. नावं लिहिताना दोन-तीन जणांना वेगवेगळं विचारा, आणि बायकांना जरूर विचारा. तिकडे घराणं आईकडून चालतं, वडिलोपार्जित घर धाकट्या लेकीकडे जातं. तुमच्या मालकीणबाई 'मालकाची बायको' नसून खरोखरच्या मालकीण असतील. त्यांचं नाव खोडून म्हातारबाबांचं लिहिलंत तर पुढच्या वर्षी बागेतून वाट मिळणार नाही.

सावध राहायचं ते 'ङम टिप' पासून. कुणी भोकाकडे बघून 'ङम टिप' म्हणालं तर ते गुहेचं नाव नव्हे. त्याचा अर्थ 'मला माहीत नाही'.

घळवेडा

अरे देवा. माझ्या वहीत पहिल्या दिवशी 'क्रेम ङम टिप (?)' असं लिहिलेलं आहे. प्रश्नचिन्ह होतं म्हणून वाचलो.

घोरपड

राहू द्या तेच. जगातली एकमेव गुहा जिचं नाव विचारल्यावर खरं उत्तर मिळतं.

शिलाँगकर

:) आणखी एक. विडा मिळाला असेलच. सुपारी, पान, चुना. त्याला 'क्वाय' म्हणतात. गावात गेलं की आधी क्वाय, मग बोलणं. त्यातल्या चुन्याला खासीत 'शुन' म्हणतात, आणि चुनखडीला 'मावशुन'. म्हणजे चुन्याचा दगड. आपला चुना आणि त्यांचा शुन कानाला एकाच घरचे वाटतात की नाही? हा चुना तिथून सिल्हेटमार्गे खाली बंगालात जायचा. अठराव्या शतकाच्या शेवटी सिल्हेटचा इंग्रज कलेक्टर रॉबर्ट लिंडसे याने सरकारी नोकरी सांभाळून याच चुनखडीच्या व्यापारात बक्कळ पैसा केला.

घोरपड

म्हणजे कंपनी सरकारने चुना लावला ही म्हण नसून हिशेबाची नोंद आहे तर.

पुणेरी_शंका

धागा चांगला चाललाय, तरी एक मूलभूत शंका. सोहऱ्याजवळ मावस्माईची गुहा आहे. तिकीट काढा, आत दिवे लावलेत, चालत दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. लवणस्तंभ तिथेही तेच. एवढा खर्च करून, जीव टांगणीला लावून चिखलात रांगण्यात काय मिळतं? आणि तो नकाशा बघणार कोण?

खडकमापे

मी बघणार. नोकरी भूगर्भाची आहे.

पुणेरी_शंका, मावस्माईहून जवळच मावम्लू नावाची गुहा आहे. तिथल्या एका लवणस्तंभाच्या थरांमध्ये सुमारे ४२०० वर्षांपूर्वी पाऊस अचानक घटल्याची खूण ऑक्सिजनच्या समस्थानिकांतून मिळाली. त्यावरून २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेने पृथ्वीच्या इतिहासातल्या सर्वांत अलीकडच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव दिलं. आपण दोघंही आत्ता मेघालयन काळात राहतो, अगदी सदाशिव पेठेतसुद्धा. तो स्तंभ गुहेत नेमका कुठे होता, वर छत किती जाड होतं, पाणी कुठून ठिबकत होतं हे माहीत नसेल तर त्या थरांचा अर्थ लावताना हात थरथरतो. नकाशा यासाठी लागतो.

घळवेडा, भिंतीत चपटी गोल नाण्यांसारखी जीवाश्मं दिसली का?

घळवेडा

हो! रिबिलेवर दुसरा दोर येईस्तोवर लटकलो होतो, नाकासमोर भिंत. तिच्यात चार-आठ आण्यांएवढ्या चकत्या, काही आडव्या कापलेल्या, आत गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं. मी मोजत बसलो, भीती वाटू नये म्हणून. एकोणीसपर्यंत आलो होतो.

खडकमापे

नम्युलाइट. एकपेशीय समुद्री जीव. तिथली चुनखडी इओसीन काळातली, ढोबळ मानाने पाच कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ उबदार समुद्रात साचलेली. तुम्ही लटकला होतात ते समुद्राच्या तळात.

उभं विवर का, तेही सांगतो. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होतं. ते दगडातल्या उभ्या सांध्यात शिरून चुनखडी विरघळवत खाली जातं. न विरघळणारा थर लागला, किंवा भूजलाची पातळी आली, की आडवं वळतं. म्हणून वर विहीर आणि खाली बोगदा. त्यात सोहऱ्याला वर्षाला सरासरी अकरा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आपल्या मुंबईच्या पाचपट म्हणा.

आपल्याकडे हे का नाही, असं दर वेळी कुणीतरी विचारतं. आपला बेसाल्ट असा विरघळत नाही. आपल्या बहुतेक गुहा माणसांनी छिन्नीने खोदल्या.

टंकाळा

माझ्या मामांना गुहा म्हटलं की ते विचारतात, 'कुठल्या राजाच्या काळातली?' आता सांगेन, नम्युलाइट राजाच्या.

जगभ्रमंती

जगातली सर्वांत लांब गुहा मेघालयातच आहे ना? क्रेम पुरी?

खडकमापे

अर्धं बरोबर. क्रेम पुरी सर्वांत लांब वालुकाश्म गुहा, साडेचोवीस किलोमीटर, मावसिनरामच्या बाजूला. चुनखडीची लांबलचक गुहा जयंतिया हिल्समधली क्रेम लियात प्राह, तीस किलोमीटरच्या वर. जगात चुनखडीच्या गुहा यांच्या कितीतरी पट लांब आहेत.

यॉर्कशायरकर

मी नाशिकचा, सध्या उत्तर इंग्लंडात. इथे गेपिंग गिल नावाचं विवर आहे, मुख्य उतार ९८ मीटर. १८९५ मध्ये मार्तेल नावाचा फ्रेंच माणूस दोराच्या शिडीने त्यात पहिल्यांदा उतरला. आता वर्षातून दोनदा इथले क्लब विंच लावतात आणि आजीबाईसुद्धा खुर्चीत बसून खाली जाऊन येतात. तेव्हा उतरणं ही बढाई नव्हे. इथल्या क्लबात एक अलिखित नियम आहे : जेवढं मोजलं तेवढंच पाहिलं. नवी गुहा सापडल्यावर उत्साहात पुढे पळत सुटायचं आणि मोजणी पुढच्या वेळी म्हणायचं, हे इथे चोरीसारखं मानतात. पुढची वेळ बहुतेक येत नाही.

मोजणी कशाने केलीत? आणि उभ्या भागाचं काय केलंत?

घळवेडा

डिस्टोएक्स. म्हणजे बाजारात मिळणारा लेझर अंतरमापक, त्यात एका स्विस माणसाने तयार केलेली पट्टी बसवली की अंतर, दिशा आणि कल तिन्ही एका दाबात. वाचन ब्लूटूथने फोनवर टोपोड्रॉइडमध्ये, तिथेच बोटाने रेखाटन. घरी येऊन थेरियनमध्ये नकाशा. आराखडा (वरून) आणि ताणलेला छेद (बाजूने), दोन्ही. अशा गुहेत आराखडा बघून काही कळत नाही, ५८ मीटरची विहीर कागदावर एक वेडंवाकडं वर्तुळ होते. सगळी मजा छेदात.

आणि हो, दुसरी फजितीही सांगून टाकतो. बोगद्यात एक वळसा घेऊन पुन्हा पहिल्याच ठिकाणी आलो, तर नकाशावर ती दोन टोकं सहा मीटर लांब. तीन वेळा तपासलं. शेवटी कळलं की मोजणाऱ्या मित्राचा नवा हेडलॅम्प मागच्या बॅटरीच्या डबीला चुंबकाने चिकटतो. तो वाकून वाचन घ्यायचा आणि होकायंत्र त्याच्या डोक्याकडे बघायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरलो. पुन्हा ५८ मीटर खाली, पुन्हा दोनशे बैठका, चौदा मापांसाठी. फरक सहा मीटरवरून वीस सेंटिमीटरवर आला.

भौतिक_मास्तर

शाबास. चूक शोधणारा विद्यार्थी मला आवडतो, भले चुंबक डोक्यावर घेऊन का फिरेना.

पुणेरी_शंका

बरं, नकाशाचं पटलं. पण 'खाली कुणी गेलं नव्हतं' हे पटत नाही. आपण पहिले, ही भाषा कोलंबसाची.

घळवेडा

मान्य. मी 'कुणी गेल्याचं आठवत नव्हतं' असं लिहिलंय, पण मनात 'पहिले' हेच होतं. ते मन दुसऱ्या दिवशी ठिकाणावर आलं. बोगद्याच्या शेवटी, जिथे छत पाण्याला टेकतं, तिथे गाळात एक निळी रबरी स्लिपर रुतली होती. डाव्या पायाची. आठ-नऊ वर्षांच्या पोराची असावी.

माझ्या पोटात गोळाच आला. शिलाँगचे दादा मात्र खूश झाले. म्हणाले, एवढ्याशा स्लिपरला विहिरीतून पडून इथे यायला उलट्या प्रवाहाने यावं लागेल. म्हणजे वरच्या अंगाला ओढा कुठेतरी उघड्यावर आहे, तिथे पोरं खेळतात, तिथून ती पावसाळ्यात वाहत आली. गुहेला दुसरं तोंड आहे. गावात विचारलं तर एका बाईने हसत हसत सांगितलं, कुणाची ते माहीत नाही, पण ओढ्यात स्लिपर गेली नाही असं पोर या गावात नाही.

नकाशावर त्या जागी लहानशी स्लिपर काढलीय. असं चिन्ह कुठल्याही प्रमाणित यादीत नाही.

शिलाँगकर

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही.

दोरखंड

छताच्या फटीत लाकडं अडकलेली होती का? किती उंचीवर?

घळवेडा

होती. बोगद्याच्या तळापासून सुमारे सात मीटरवर एक आख्खा ओंडका आडवा अडकलाय. जूनमध्ये तिथे पाणी तेवढं चढतं. म्हणूनच फेब्रुवारी. तरी रोज वर एकजण बसवलेला, संध्याकाळी सातपर्यंत कुणी दिसलं नाही तर गावात सांगायचं असं ठरवून. आणि रविवारी सुट्टी. गाव सगळं चर्चमध्ये. त्या दिवशी दोर धुतले.

जगभ्रमंती

अवांतर : जयंतियात एका उभ्या विवराखाली आंधळा मोठा मासा सापडलाय ना?

खडकमापे

क्रेम उम लादॉ. चाळीस सेंटिमीटरच्या पुढचे मासे, जगातले ज्ञात गुहामाशांत सर्वांत मोठे. २०१९ मध्ये नीट अभ्यास सुरू झाला आणि २०२३ मध्ये स्वतंत्र प्रजात म्हणून वर्णन झालं. प्रजातीचं नाव 'प्नार', तिथल्या लोकांवरून. नावावर चर्चा चाललीच आहे म्हणून सांगितलं.

यॉर्कशायरकर

मूळ प्रश्नाकडे येऊ. अक्षांश-रेखांश. माझं मत घळवेडांच्या बाजूने. जाहीर नकाशावर देऊ नका. नेमकं ठिकाण नोंदवहीत राहू द्या, काम करणाऱ्याला मागितल्यावर मिळेल. मेघालयात हे काम १९९२ पासून शिस्तीत चाललंय. शिलाँगच्या मेघालय अ‍ॅडव्हेंचरर्स असोसिएशनने आणि ब्रायन खारप्राण डेलींसारख्या माणसांनी परदेशी गुहावाल्यांना सोबत घेऊन शेकडो किलोमीटर मोजलेत. तुमचा डेटा आधी तिकडे द्या. नाहीतर एकच गुहा दोन नावांनी दोनदा सापडेल.

घळवेडा

डेटा परतायच्या आदल्या रात्रीच दिला. सोबतचे दोघं तिथलेच.

सह्याद्री_एक्सप्रेस

मी जाहिरातवाला पक्ष. :) पण खरं सांगायचं तर आपल्याकडे काही धबधब्यांचं पाच वर्षांत काय झालं ते मी बघितलंय. खाली थर्माकोलच्या प्लेटा, वर प्रत्येक झाडाला दोराचे वळ. नका देऊ.

पुणेरी_शंका

उलट बाजू मांडतो, सवय आहे. लपवलेली गुहा कुणाची? सहा जणांची आणि एका नोंदवहीची. उद्या तिथे काही झालं तर 'इथे गुहा होती' म्हणायला कागद कुठाय? आणि गावाला विचारलंत का?

घळवेडा

विचारलं नव्हतं. लाज वाटली वाचून. परवा फोन केला.

(दोन दिवसांनी)

घळवेडा

अपडेट. गावच्या शाळेतल्या बाईंनी फोन लावून दिला, रंगबा श्नोंग (म्हणजे गावप्रमुख) पलीकडे आणि मध्ये बाई भाषांतराला. मी लांबण लावली : आम्ही ठिकाण गुप्त ठेवतो, तुमच्या गावाला त्रास नको, गर्दी नको वगैरे. पलीकडे बराच वेळ शांतता. मग बाई म्हणाल्या, बाह (गावप्रमुखांना आदराने) विचारताहेत, गुप्त कुणापासून?

त्यांचं म्हणणं असं. वरच्या अंगाला चुनखडीच्या खाणीची बोलणी चालल्याचं कानावर आलंय. अजून काही ठरलं नाही. गावाचं पिण्याचं पाणी उताराच्या खालच्या झऱ्याचं. आमचा गुहेतला ओढा त्या झऱ्याला मिळतो का, एवढंच त्यांना हवंय. मिळत असेल तर नकाशावर गुहा, झरा, गाव सगळं ठळक, अंकांसकट छापा, आणि दोन मोठ्या प्रती द्या. एक दरबाराला (गावसभेला), एक शाळेला. पर्यटकांचं आम्ही बघून घेऊ, बागेतली वाट आमची आहे.

झऱ्याचा संबंध आम्ही तपासलाच नव्हता. आम्ही ५८ चा आकडा मिरवत होतो.

खडकमापे

फ्लुओरेसिन. हिरवा रंग, माफक प्रमाणात वापरला तर निरुपद्रवी, पण गावाला आधी सांगून आणि प्रमाण मोजून. ओढ्यात सोडायचा, झऱ्याच्या तोंडाशी कोळशाच्या पुड्या टांगून ठेवायच्या. रंग डोळ्यांना दिसला नाही तरी कोळसा धरून ठेवतो. नोव्हेंबरात जाणार असाल तर सामान माझ्याकडून.

दोरखंड

७५ मीटरचा दोर माझ्याकडून. भिजवून, वाळवून, मोजून देतो.

यॉर्कशायरकर

माझं मत मागे घेतो. गावाने सांगितलंय तर छापा.

पुणेरी_शंका

मी फक्त शंका विचारली होती.

शिलाँगकर

आणि नाव? ते राहिलंच की.

घळवेडा

तेही विचारलं. म्हातारबाबांचं नाव विवराचं आणि मालकीणबाईंचं नाव खालच्या पाण्याचं, असा उलगडा झाला. दोघंही बरोबर होते. छेदावर वरती एक लिहिलंय, तळाशी ओढ्याच्या कडेने दुसरं. शिलाँगकर, नकाशा व्यनिने पाठवतोय, खासी स्पेलिंग एकदा तपासून द्याल का?

शिलाँगकर

दिलं. दोन चुका होत्या, खुणा केल्यात. आणि भाऊ, उत्तरेचा बाण काढायचा राहिलाय.